खुनी कोण, हे कळलंच पाहिजे

कर्जत म्हटलं की बाहेरच्या माणसाला रायगडातलं कर्जत आठवतं. लोकल, धबधबे, फार्महाउसं. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं. इथे रेल्वे नाही, पाऊस बेताचा; ज्वारी आणि रेहेकुरीचे काळवीट, दोघंही कमी पाण्यावर तगून राहणारे. ग्रामदैवत गोदड महाराज. आणि एक गोष्ट, जी गावातही फारशी कुणाच्या तोंडी नसते: मराठी प्रेमकादंबरीचे बादशहा ना. सी. फडके ४ ऑगस्ट १८९४ रोजी याच कर्जतमध्ये जन्मले. पुढे ते पुण्याचे आणि कोल्हापूरचे झाले, गावाने त्यांना आणि त्यांनी गावाला मोकळं केलं, पण जन्माची नोंद इथली.

हे मला आत्याने सांगितलं. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आहे. रहस्य, प्रेम आणि अद्भुत यातलं तिला काहीही चालतं. ‘वास्तववादी’ असं मलपृष्ठावर छापलेलं दिसलं की ती पुस्तक खाली ठेवते. रहस्यकादंबरी वाचताना तिच्या हातात शिसपेन्सिल असते. गुन्हेगार ओळखला असं वाटलं की त्याच पानाच्या कडेला ती नाव लिहून टाकते, आणि पुस्तक संपल्यावर मागे येऊन बरोबर किंवा चूक अशी खूण करते. एका पुस्तकात पान ८७ वर ‘कंपाउंडर’ असं लिहिलंय, पुढे बरोबरची खूण आणि खाली शेरा: ‘फार लवकर.’ त्या लेखकाचं दुसरं पुस्तक तिने आणलं नाही.

मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. माझं कपाट वेगळं, तिचं वेगळं. आषाढ वद्य एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो, तेव्हा घरी चार माणसं जमतात आणि आमचं दोघांचं जुंपतं. या वेळचं भांडण बरं झालं, म्हणून लिहून काढलं आहे. साबुदाण्याविषयीचा भाग वगळला आहे.

मी : आत्या, काय चाललंय सध्या?

आत्या : ‘प्रतिपश्चंद्र’. दुसऱ्यांदा.

मी : दुसऱ्यांदा? खजिन्याचा उलगडा एकदा झाला की राहिलं काय त्यात?

आत्या : पहिल्यांदा खजिन्यासाठी वाचली. आता लेखकाने मला कुठे चकवलं ते बघतेय. तुम्ही कविता दहादा वाचता ती काय शेवट विसरता म्हणून?

मी : कवितेत शेवट हा मुद्दाच नसतो. इथे सगळी इमारत शेवटावर उभी. एकदा कळलं की पुस्तक रिकामं.

आत्या : ज्याचं रिकामं होतं ते पुस्तक वाईट. त्यावरून सगळी जात वाईट कशी ठरवतोस?

मी : बरं, मग तूच सांग, ही कशी आहे?

आत्या : पळवते चांगली. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतला पहिलाच शब्द नावाला घेतला, तिथेच निम्मं काम झालं. पण या सगळ्या इतिहास-खजिना कादंबऱ्यांची एक खोड आहे. पाठलाग ऐन भरात आला की एक पात्र थांबतं आणि दुसऱ्याला चार पानं इतिहास शिकवतं. अरे, मागे मारेकरी लागलेत, तू सनावळ्या काय सांगतोस? डॅन ब्राउनचं मराठीत आलेलं वाचलं तेव्हाही हेच वाटलं होतं. आपल्याकडच्यांनी त्याची गती घेतली आणि खोडही घेतली.

मी : माझी तक्रार त्याहून मोठी आहे. वाचक हे खरं मानतो. कादंबरीत खजिना सापडला की कुठल्यातरी पडक्या गढीत कुदळ पडते. गुप्तधनाच्या नादाने खणलेले खड्डे मी पाहिलेत. २०१३ साली आपल्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनासाठी चालणारे अघोरी प्रकारही आहेत. महाराजांचं नाव लावलं की टीकाही करता येत नाही. हा सोपा बाजार आहे.

आत्या : गुप्तधनाचा नाद कादंबरीने लावला? माझ्या लहानपणी प्रत्येक गावात एक घर ‘ज्याला हंडा सापडला’ असं दाखवायचे. त्यातल्या कुणी कादंबरी वाचली होती? मात्र टीका करता येत नाही हे खरं आहे. महाराजांचं नाव असलेल्या कादंबरीत खलनायक फसला तरी कुणी बोलत नाही. लेखकाला ती सवलत मिळता कामा नये.

(इथे मी मनातल्या मनात एक गुण दिला. तिला सांगितलं नाही.)

मी : म्हणजे तुला पटतंय.

आत्या : मला अर्धं पटतंय. तू रहस्यकादंबरीला वरून नापास करतोस, मी आतून तपासते. त्या प्रकाराचा एक करार असतो. पहिल्या पानावर प्रेत ठेवलंस, तर शेवटच्या पानावर खुनी दे. आणि तो मधल्या पानांत माझ्या डोळ्यांसमोरून एकदा तरी गेलेला असला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात कुणी नवा चुलतभाऊ अमेरिकेहून आला आणि त्यानेच मारलं, असं चालत नाही. परवा एक वाचली. तीनशे पानं बांधत आणलं, आणि शेवटी म्हणे, खून झाला की नाही हे ज्याने त्याने ठरवावं! कर्जत स्टँडचं तिकीट काढावं आणि कंडक्टरने रात्री माहीजळगाव फाट्यावर उतरवावं, तसं झालं.

मी : त्याला खुला शेवट म्हणतात. लेखकाला काही म्हणायचं असेल.

आत्या : म्हणायचं असेल तर पहिल्या पानावर प्रेत ठेवू नये.

मी : आत्या, आता मी गंभीरपणे विचारतो. तुझा करार म्हणतो, शेवटच्या पानावर खुनी मिळतो. आपल्या शेजारी, जामखेड तालुक्यात, खर्ड्याला २०१४ साली काय झालं? शाळेत शिकणारा दलित मुलगा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारला. खटला चालला, साक्षीदार फितूर झाले, आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून नऊ आरोपी निर्दोष सुटले. मुलगा तर मेलाच होता. मग मारलं कुणी? या जगात शेवटच्या पानावर उत्तर नसतं. तुझ्या रहस्यकथा ते असतं असं भासवतात. ती थापच आहे ना?

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. शाळेतली नोकरी तिने याच पट्ट्यात केली आहे.

आत्या : थाप नाही, मागणी आहे. लोक मूर्ख नाहीत रे. कोर्टात काय होतं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तारखांना जाऊन जाऊन चपला त्यांच्या झिजल्यात. म्हणूनच ते असं पुस्तक मागतात, ज्यात कुणीतरी शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार कोण होता? कायद्याबाहेरचा माणूस. पोलिस ज्याला हात लावत नाहीत त्याला तो लावायचा. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली अर्नाळकरांनी, स्वस्तात, पातळ कागदावर. गिरणीतला कामगार वाचायचा, हॉटेलातला पोऱ्या वाचायचा. त्यांना न्याय कसा दिसतो हे त्या पुस्तकांनी दाखवलं. खोटा का असेना, आकार तरी कळला.

मी : आणि तेवढ्यावर समाधान मानून झोपले.

आत्या : तुमची वास्तववादी कादंबरी वाचून कुणी मोर्चा काढला? मला नाव सांग.

मी : प्रश्न मोर्च्याचा नाही. खर्ड्यावर रहस्यकादंबरी कुणी लिहिली? इथलं पोलिस ठाणं, इथले फितूर साक्षीदार, इथला दबाव. मराठीतला गुप्तहेर बंगल्यात प्रेत सापडल्यावरच कामाला लागतो. वस्तीवर माणूस मेला तर त्याला बोलावतच नाहीत.

आत्या : हे मात्र बरोबर बोललास. हे लिहायला पाहिजे. साक्षीदार एकेक करून का फिरला, याच्याइतकं रहस्य दुसरं कुठलं? त्यात खुनी पहिल्या पानावर सांगितला तरी मी शेवटपर्यंत वाचीन.

(तिने स्वतःच स्वतःचा करार मोडला होता. मी दाखवून दिलं, तेव्हा चहा ठेवायला उठली.)

चहानंतर विषय फडक्यांवर गेला, तो मीच नेला. मला वाटत होतं, प्रेमकादंबरीच्या बाबतीत तरी ती बचावात जाईल.

मी : तुझे फडके. सत्तरच्या वर कादंबऱ्या, आणि दुष्काळ एकीतही सापडायचा नाही. देखणा नायक, टेनिस, मोटार, चांदणं. खांडेकरांनी निदान जीवनासाठी कला म्हटलं. तुझा गाववाला कलेसाठी कला म्हणत बसला. आज बाजारात ज्या गुळगुळीत प्रेमकादंबऱ्या येतात, फोनवर भाग पाडून वाचल्या जातात, त्यांचे आजोबा हेच.

आत्या : फडके वाचलेस किती?

मी : अभ्यासक्रमाला होते तेवढे.

आत्या : म्हणजे उतारा. ऐक. १९३१ साली या माणसाने ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. कथा कशी रचायची, सुरुवात कशी पकडणारी हवी, गुंता कुठे वाढवायचा, कुठे सोडवायचा, हे उघडपणे सांगितलं. त्यावर किती हसले लोक! प्रतिभा काय अशी शिकवता येते? आणि आज पाच-पाच हजार रुपये भरून तुम्ही लोक पटकथालेखनाच्या कार्यशाळेला जाता, तिथे दुसरं काय शिकवतात? कारागिरीची लाज न वाटणारा मराठीतला पहिला मोठा लेखक तो. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, तरी म्हणाला की वाचकाला पान उलटायला लावणं हे काम आहे आणि ते शिकावं लागतं.

मी : पान उलटून पोचायचं कुठे?

आत्या : तेही सांगते. ‘दौलत’ १९२९ ची. त्या काळी मुलीचं लग्न ठरायचं तेव्हा तिला विचारायचे का? माझ्या आजीला नवरा मांडवात दिसला. त्या काळात फडक्यांच्या मुली कॉलेजात जातात, पुरुषाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलतात, हा नको तो हवा म्हणतात. तुला ते चांदणं दिसतं. आमच्या घरातल्या बायकांना त्यात ‘नको’ म्हणता येतं हे दिसलं होतं. आणि हा माणूस नुसता चांदण्यात नव्हता. १९२७ मध्ये त्याने संततिनियमनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मार्गारेट सँगरची प्रस्तावना होती त्याला. र. धों. कर्वे ज्या विषयापायी नोकरीला मुकले, तो विषय. प्रेमकादंबरी लिहिणाऱ्याला मूल कसं होतं आणि कसं थांबवावं हे माहीत होतं, एवढं तरी मान.

हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या वर्गातल्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. तरी फडक्यांच्या नायिका चांगल्या घरातल्याच आहेत, हा माझा आक्षेप तिथेच उभा आहे. ‘नको’ म्हणायलाही पायाखाली थोडी जमीन लागते.

मी : ठीक. १९२९ ला ते धाडस होतं. आज काय? आजच्या प्रेमकादंबरीत दोघं आयटीत, पुण्यात फ्लॅट, गैरसमज होतो, पावसात मिटतो. अडचणच नाही तर कादंबरी कशाला?

आत्या : त्याला मी आधीच कंटाळलेय. प्रेमाच्या गोष्टीत अडचण खरी लागते. फडक्यांच्या वेळी घरातली वडीलधारी ही खरी अडचण होती. आता ती अडचण म्हणजे जात, जमीन, नोकरी नसलेला मुलगा. आपल्याकडे तिशी उलटलेली मुलं बघ, शेती आहे, बैल आहेत, ट्रॅक्टर आहे आणि मुलगी मिळत नाही. त्यांच्या मनात काय चालतं यावर एक प्रेमकादंबरी दाखव.

मी : सिनेमाने दाखवलं. शेजारच्या करमाळ्याच्या मंजुळ्यांनी. ‘फँड्री’ २०१३, ‘सैराट’ २०१६. केळीच्या बागा, विहीर, बुलेट, आणि शेवटी रक्त. मराठी प्रेमकादंबरी ज्याला घाबरली ते त्यांनी पडद्यावर मांडलं, आणि अख्खा महाराष्ट्र थिएटरात नाचला.

आत्या : नाचला, मग गप्प घरी गेला. तेच म्हणतेय मी! आधी नाचवलं म्हणून शेवटी गप्प केलं. पहिला भाग अगदी फडके आहे रे, चोरून बघणं, चिठ्ठी, मैत्रिणीचा निरोप. ते नसतं तर तुझं ते वास्तव बघायला आलं कोण असतं?

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. पण ‘सैराट’ ही फडके परंपरेची सून आहे हे मी लेखी कबूल करणार नाही.

मी : सुहास शिरवळकरांचं काय? तुझ्या कपाटात दोन फळ्या त्यांच्या.

आत्या : त्यांचं वाईट वाटतं. ‘दुनियादारी’ १९८२ ची. कट्टा, मैत्री, प्रेम, आणि आई-वडिलांतलं तुटलेपण. पोरांनी तोंडपाठ केली. समीक्षेत किती जागा? नाहीच म्हण. ते २००३ ला गेले, सिनेमा आला २०१३ ला, आणि मग सगळ्यांना आठवण. ‘समांतर’ची मालिका त्यानंतर. आपलं आयुष्य दुसरा कुणी आधीच जगून बसलाय, ही कल्पना बघ. एका ओळीत झोप उडते. अशी कल्पना सुचायला अक्कल लागते की नाही?

मी : लागते. पण ते फार लिहायचे, आणि फार लिहिणाऱ्याचं निम्मं घाईचं असतं. मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद. पुढेपुढे नाव झाकलं तर कोण कुठला कळत नाही.

आत्या : ते खरंय. दारा बुलंद मी अर्ध्यात सोडलाय. पण तुमच्या गंभीर लेखकांचं निम्मं घाईचं नसतं का? फक्त ते सावकाश घाई करतात.

बाहेर रथ बाजारतळाच्या बाजूला वळला होता, आवाज इतका की दहा मिनिटं बोलणं थांबलं. नंतर अद्भुत कादंबरीवर आलो. इथे मला वाटलं होतं आमचं जमेल, कारण दोघांनाही आत्ताच्या अद्भुत कादंबऱ्या आवडत नाहीत. कारणं मात्र वेगळी निघाली.

मी : मराठीत ही परंपराच खुंटली असं माझं मत. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, विधवांच्या दुःखावरचं, आजही अभ्यासात आहे. त्याच्या मागोमाग १८६१ ला ‘मुक्तामाला’, १८६८ ला ‘मंजुघोषा’, सगळी राजपुत्र-राजकन्या आणि विमानं. ती गेली संग्रहालयात. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’नंतर, म्हणजे १९१३ नंतर, मोठ्यांसाठी अद्भुत असं हाताच्या बोटांवर. आणि आता जे येतं ते भाषांतर. हॅरी पॉटर, अमीशचा शिव. मराठी मुलाला जादूची शाळा इंग्लंडातच सापडते.

आत्या : धारपांना विसरलास.

मी : धारप भयकथेचे. आणि ‘लुचाई’, ‘शपथ’ स्टीफन किंगवरून घेतलेल्या.

आत्या : घेतल्या. देवलांनी ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून घेतला, त्याची नाटकाच्या इतिहासात आरती करता. धारपांनी घेतलं की चोरी! धारपांनी सरंजाम आणला तिकडून, पण घर आपलं केलं. माजघर, परसातली विहीर, बंद खोलीची कडी. रात्री बाथरूमला जायची भीती मला किंगने नाही घातली, धारपांनी घातली. त्यांच्याच गोष्टीतली ती आजी ‘तुंबाड’ सिनेमात आली तेव्हा पोरांना कळलं की हे मराठीत आधीच होतं. आणि ‘गोग्रामचा चितार’ वाच, ते अद्भुतच आहे.

मी : मूळ सांगून घ्यावं, एवढंच म्हणणं. देवलांचं मूळ सगळ्यांना माहीत होतं. कर्ज घेतलं तर सावकाराचं नाव लिहावं.

आत्या : ते मान्य. लिहायला हवं होतं.

मी : मग आजच्या अद्भुतात तुला काय खटकतं?

आत्या : जादू फुकट असते. नायकाला शाप, वरदान, दिव्यास्त्र मिळतं, आणि त्याचं मोल काही नाही. आपल्या जुन्या गोष्टींत असं नव्हतं. वर मिळाला की मागे काहीतरी जायचंच. दुसरं, सगळे पुराणांकडे धावतात. देव तयार, शस्त्रं तयार, वाचकाची भक्ती तयार. लेखकाने केलं काय? आपल्या विहिरींवर शेंदूर लावलेले सात दगड असतात ना, साती आसरा. कर्जत तालुक्यात अशा किती विहिरी आटल्या! बोअर सातशे-आठशे फूट गेलं आणि विहिरीत चप्पल तरंगायलाही पाणी नाही. मग त्या साती बहिणी गेल्या कुठे? कुणाच्या घरी राहतात? कुणाकडे परत पाणी मागतात? ही कादंबरी मी विकत घेऊन वाचीन. त्यात तुझा दुष्काळही आला आणि माझी जादूही.

मी : मग तूच लिही.

आत्या : मी वाचक आहे. वाचक असणं कमी काम आहे का?

मी : समीक्षकांनी ज्याला वाङ्मय म्हटलं, त्यात हे बसेल का, एवढाच माझा प्रश्न.

आत्या : राजाने काय म्हटलं होतं ते ठाऊक आहे ना? पैठणच्या दरबारात गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ पाठवली, पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेली. भाषा हलकी म्हणून राजाने नाकारली. मग गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला, आणि एकेक पान जनावरांना वाचून दाखवत आगीत टाकत बसला. हरणं चरायची विसरली, उभी राहून ऐकत राहिली. त्यांचं मांस वाळलं तेव्हा राजाला कळलं की रानात काहीतरी चाललंय. तो धावत गेला तोवर बरंच जळून गेलं होतं. उरलं त्यातून पुढे काश्मिरात ‘कथासरित्सागर’ झाला, तुझा वेताळ त्यातलाच. पैठण इथून किती लांब? शेवगाव ओलांडलं की आलंच. जगातल्या अद्भुत गोष्टींचं एक उगमस्थान आपल्या शेजारी, आणि मराठी लेखक ड्रॅगन शोधतोय.

मी : छान आहे, पण ती दंतकथा आहे.

आत्या : मग? दंतकथेवरच तर बोलतोय आपण.

मी : शेवटचं विचारतो. हे वाचणार कोण? पोरं रील बघतात.

आत्या : रात्री आपल्या रानात ये. थ्री फेज लाईट अनेकदा रात्रीची असते. दारं धरायला गेलेला माणूस बांधावर उभा असतो, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान मोकळा, बिबट्याची चाहूल लागावी म्हणून. त्या इअरफोनात काय असतं? तुझा धाकटा चुलता स्टोरीटेल ॲपवर रहस्यकथा ऐकतो. बिबट्या नसला तरी गोष्टीत कुणीतरी मागे असतंच. चार वाजेपर्यंत झोप लागत नाही. तो कधी तुझ्या वाङ्मयाच्या वर्गात आला होता का?

चुलत्याला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, गोष्ट चांगली असते, पण वाचणारा फार नाटकी बोलतो, आणि मध्येच नेट गेलं की खुनी कळायचा राहतो. मग घरी येऊन तो आत्याला विचारतो. तिला बहुतेक वेळा ठाऊक असतं.

माझं मत मी इथे सांगतो, कारण लेख माझा आहे. आत्याच्या बहुतेक पुस्तकांतली भाषा घाईची आहे, माणसं एका साच्यातली आहेत, आणि ज्या गावांत ही पुस्तकं वाचली जातात ती गावं त्यांत नाहीत. हृषीकेश गुप्त्यांच्या ‘दंशकाल’सारखी एखादी कादंबरी भय, घराणं आणि गाव एकत्र आणते, आणि मग ‘लोकप्रिय की गंभीर’ हा वाद तिथे लागू होत नाही. अशी पुस्तकं थोडी आहेत. पण ती थोडी असण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचा हात आहे. आम्ही वाईट रहस्यकथेला वाईट म्हणून कधी तपासलंच नाही, नुसतं रहस्यकथा म्हणून बाजूला सारलं. त्यामुळे चांगली लिहिणाऱ्यालाही ती चांगली झाली हे सांगणारं कुणी राहिलं नाही. आत्याचा ‘फार लवकर’ हा शेरा मराठीत छापून आलेल्या कित्येक परीक्षणांपेक्षा नेमका आहे.

आता एक काम. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांवर पुस्तकांपैकी फार थोडी पुन्हा छापली गेली. गुरुनाथ नाईकांची, शिरवळकरांच्या सुरुवातीच्या छोट्या पुस्तकांची हीच गत. ती आता कुठे असतील तर घरांच्या माळ्यांवर, जुन्या ट्रंकांत आणि लग्नाआधी आईने वाचलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात. दिवाळीच्या साफसफाईत ती किलोवर जातात. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, करमाळा या भागातल्या कुणाच्या घरी असा गठ्ठा निघाला, तर रद्दीत घालू नका. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि नोंद करून घेतली जाईपर्यंत तिथून हलू नका. देण्याआधी शेवटचं पान शाबूत आहे ना, तेवढं बघा.